‘मेल्या’ शब्दाचं इंग्रजी

माझ्या सासूबाई मोबाइल गेम खेळतात हे मी ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “पत्ते वगैरे ना?” पत्ते नाही. त्यांचं एक गाव आहे, समुद्रकाठचं. तिथे भातशेती आहे, माडांची बाग आहे, धक्का आहे, होड्या आहेत. वादळ येतं, कीड पडते, उधाणाचं पाणी शेतात शिरतं. जगभरातले लोक असली गावं चालवतात आणि एकमेकांशी मालाची देवाणघेवाण करतात. सासूबाईंचं गाव त्या सगळ्यांत चांगलंच भरभराटीला आलेलं होतं.

हे सुरू झालं गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. त्याच सुमारास आम्ही मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलो होतो. जुनी बिल्डिंग पाडून तिथेच टॉवर उभा राहिला, आणि लोकही बहुतेक तेच परत आले. पण जुन्या बिल्डिंगमध्ये दारं दिवसभर उघडी असायची, इथे ती बंद झाली. सासूबाई वॉकर घेऊन पॅसेजमध्ये जायच्या, सगळ्या बंद दारांवरून नजर फिरवायच्या आणि परत यायच्या. माझी मुलगी तेव्हा सुट्टीला घरी आली होती. तिने आजीच्या हातात आपला जुना टॅब दिला, गेम लावून दिला आणि कॉलेजला परत गेली. महिन्याभरात सासूबाई फोनवर तिलाच शिकवायला लागल्या.

गेमचा एक फोरम होता. तिथे खेळणारे प्रश्न विचारतात आणि ज्यांना येतं ते उत्तरं देतात. सासूबाई त्याला कट्टा म्हणायच्या. इंग्रजी त्यांना वाचता येतं, लिहायला मात्र धजत नाहीत. म्हणून संध्याकाळी मी ऑफिसातून आले, कुकर लावला, की त्या स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसायच्या आणि सांगायच्या, मी ओट्याशी उभी राहून टाइप करायची. खेळातलं टोपणनाव त्यांनी ‘बांगडा’ घेतलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “सुरमई आधीच कोणीतरी घेतल्यान.”

त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्याला जन्म गेला, त्यामुळे एरवी आमच्यासारखंच बोलतात. पण राग आला किंवा आनंद झाला की मालवणी बाहेर पडते. फोरमवरची उत्तरं सांगताना दोन्ही व्हायचं. कोणी उधाणाच्या तोंडावर भात पेरलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. “अरे, ह्याका कोणी सांगूक नाय काय?” मग मला सांगायच्या की आधी बांध, मग पेरणी, माड वाऱ्याच्या बाजूला लाव, होड्या वादळाआधी वर ओढ. मी ते इंग्रजीत लिहायची. माझं इंग्रजी म्हणजे विमा कंपनीतलं. मी क्लेम विभागात आहे, इतकी वर्षं पत्रंच लिहीत आले. “कृपया नोंद घ्यावी की पेरणीपूर्वी बांध घालणे हितावह ठरेल,” असं काहीतरी माझ्या हातून उतरायचं. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं की त्या तोंड वाकडं करायच्या.

“तुज्या इंग्लिशाक मीठ नाय गो.”

फोरमवर स्टार मिळायचे. तुमचं उत्तर कोणाला आवडलं की तो तुम्हाला एक स्टार देणार. पुरेसे स्टार झाले की तुम्ही ‘जाणकार’, आणि जाणकाराला गावात उभं करायला एक दीपगृह मिळायचं. ते दुसरीकडे कुठेही, कशानेही मिळत नसे. सासूबाईंना ते हवंच होतं. त्यांच्या लहानपणी गावाच्या टेकडीवरून लांबवर दीपगृहाचा दिवा दिसायचा, त्याला तिकडे बत्ती म्हणतात. “माझ्या बंदरात सगळा आसा, फक्त बत्ती नाय,” असं त्या मला, माझ्या नवऱ्याला, एकदा तर पाठीला तेल लावायला येणाऱ्या बाईंनाही सांगत होत्या.

पण स्टार काही जमेनात. आम्ही चांगलं सविस्तर उत्तर लिहावं, त्याला एखाददुसरा स्टार यावा. त्याच प्रश्नाखाली कोणीतरी बुडालेल्या शेतात होडी घालून बसलेल्या मांजराचं चित्र टाकावं, आणि त्याला स्टारांचा पाऊस. एकदा तर एका गृहस्थाने सासूबाईंचं कीडनियंत्रणावरचं उत्तर उचललं, चार रंगीत बाण काढले आणि स्वतःच्या नावावर टाकलं. तो आठवड्याभरात जाणकार झाला. त्याच्या गावातल्या दीपगृहाचा फोटोही त्याने सगळ्यांना दाखवला.

मी मॉडरेटरना तक्रार लिहिली. फोरमवर काय राहील आणि काय जाईल हे ठरवणारे ते लोक. उत्तर लगेच आलं: “प्रिय बांगडा, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. स्टारपद्धत स्वयंचलित असून त्यात आम्ही हस्तक्षेप करत नाही. खेळाचा आनंद घेत राहा.”

“भावना समजतात म्हणे,” सासूबाई म्हणाल्या. “मग मांजराक स्टार कित्याक?”

माझा नवरा म्हणाला, “आई, तू पण मांजर टाक ना.” त्या त्याच्याशी संध्याकाळभर बोलल्या नाहीत.

मग तो ऑडिटचा आठवडा आला. मी घाटकोपरच्या ऑफिसात अडकलेली असायची, घरी पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली. फोरमवर लिहायला सवड नव्हती. अशातच एका नवख्या खेळाडूने लिहिलं की त्याचं भात तिसऱ्यांदा बुडालं आणि आता तो खेळच सोडून देणार आहे. सासूबाईंना राहवेना. टॅबवर आपण बोललेलं भाषांतर करून लिहिणारी सोय असते, ती त्यांना नातीने कधीतरी दाखवली होती. यंत्राला मालवणी कळणार नाही म्हणून त्या मुद्दाम शुद्ध मराठीत, सावकाश बोलल्या: “अरे मेल्या, आधी बांध घाल, मग पेर. पुन्हा उलटं केलंस तर तंगडी मोडीन तुझी.”

यंत्राने आपलं काम चोख केलं. फोरमवर इंग्रजीत जे उमटलं त्याचा अर्थ असा होता: हे मृत माणसा, प्रथम भिंत बांध, नंतर पेरणी कर. तू पुन्हा विरुद्ध वागलास तर मी तुझा पाय तोडीन.

मी घरी आले तेव्हा सासूबाई हॉलमध्ये टॅब उपडा ठेवून बसल्या होत्या. टीव्हीसुद्धा बंद. मला वाटलं गावाकडून कोणाची वाईट बातमी आली.

“काय झालं आई?”

“माका काढल्यानी.”

“कुठून?”

“कट्ट्यावरून. बघ तूच.”

मी बघितलं. अकाउंट बंद. कारणं दोन. एक, दुसऱ्या खेळाडूस जीवे मारण्याची व शारीरिक इजा करण्याची धमकी. दोन, एकच अकाउंट अनेक व्यक्ती वापरत असल्याचा संशय, कारण या अकाउंटवरील लेखनाच्या शैलीत लक्षणीय तफावत आढळते. तफावत म्हणजे मी आणि त्या. एका बाजूला माझं ‘हितावह ठरेल’, दुसऱ्या बाजूला ‘हे मृत माणसा’.

मला हसू आवरेना. मी सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

“मी कोणाक मारतलंय गो? माका धड उठाक येत नाय,” त्या म्हणाल्या. तेव्हा माझं हसू थांबलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात कोणी आजारी असल्यासारखे गेले. गेम चालू होता, बंद झाला होता फक्त फोरम. पण त्यांनी गावाकडेही पाहिलं नाही. व्यायामाला या म्हटलं की नको, चहाला नको. माझ्या लक्षात आलं की त्यांना स्टार गेल्याचं तेवढं लागलं नव्हतं. चारचौघांतून ऊठ म्हणून सांगितल्यासारखं झालं होतं त्यांना. जन्मात त्यांना असं कोणी केलं नव्हतं. जुन्या बिल्डिंगमध्ये तर भांडण सोडवायला लोक यांना बोलवायचे.

मी अर्ज केला. सविस्तर लिहिलं: माझ्या सासूबाई ज्येष्ठ नागरिक आहेत, त्या सांगतात आणि मी टाइप करते, भाषांतर यंत्राने केलं. उत्तर आलं: “प्रिय बांगडा, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. तपासणीअंती निर्णय कायम ठेवण्यात येत आहे.” पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, स्वल्पविरामासकट.

आता ही भाषा माझ्या रोजच्या ओळखीची. आमच्याकडेही उत्तरांचे साचे तयार असतात. क्लेम नाकारला, कागद अपुरे, मुदत उलटली, प्रत्येकासाठी एक. माणूस आरडाओरडा करतो त्यालाही साचा असतो, विनवण्या करतो त्यालाही असतो. पण क्वचित एखादं पत्र असं येतं की त्याला कुठलाच साचा बसत नाही. मग ते कोणीतरी खरोखर उघडतं, वाचतं, चहाच्या वेळी दुसऱ्याला दाखवतं. मी विचार केला, आपण तसं काहीतरी लिहायला हवं. मग सगळं स्पष्टीकरण काढून टाकलं आणि एकच प्रश्न ठेवला: “तुमच्या घरी आजी नातवावर लाडाने रागावते तेव्हा त्याला काय म्हणते?”

दोन-तीन दिवस काहीच नाही. मग एका सकाळी, मी डबे भरत असताना, उत्तर आलं. त्यात ‘भावना समजू शकतो’ नव्हतं. लिहिणारी बाई होती, कुठल्यातरी लांबच्या देशातली. ती शाळेत शिकवते आणि फोरमचं काम फावल्या वेळात, हौसेने करते. तिने लिहिलं होतं, “माझी आजी म्हणायची, तुला कावळे नेवोत. आणि लगेच पानात साखर वाढायची. तुम्ही हे का विचारताय?”

मी चपातीच्या पिठाच्या हातांनीच सासूबाईंच्या खोलीत गेले आणि वाचून दाखवलं. त्या उठून बसल्या.

“कावळे? चांगला आसा ह्या. लिव तिका. आमच्यात मेल्या म्हणतत. मेल्या म्हणजे...”

“म्हणजे काय लिहू, आई?”

त्या अडल्या. मीही अडले. मेल्या म्हणजे मेलेला, पण तसं नाही. ज्याचं वाईट व्हावं असं वाटत असेल त्याला आपण मेल्या म्हणत नाही, त्याच्याशी बोलतच नाही. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, आणि मी जसंच्या तसं लिहिलं: ज्याने जेवल्याशिवाय जाऊ नये असं वाटतं, त्याला मेल्या म्हणतात.

तंगडीचाही खुलासा केला. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी कोणाची तंगडी मोडणार असतं, आणि सगळे नीट चालतात.

ज्याला धमकी दिली गेली होती त्या खेळाडूकडे त्या बाईने चौकशी केली. त्याने तक्रार केलीच नव्हती. कुठल्याशा शब्दांवरून यंत्रानेच पकडलं होतं. उलट त्याने आधी बांध घातला, मग पेरलं आणि त्याचं पीक वाचलं. सासूबाईंच्या पोस्टखाली आभार मानायला तो आला होता, पण तोवर पोस्ट पुसली गेली होती.

अकाउंट परत मिळालं. एक अडचण मात्र राहिली. बंद केलेलं अकाउंट उघडलं की स्टार शून्यावर जातात, ते यंत्रच करतं, आणि ते परत देणं तिच्या हातात नव्हतं. तिने तीनदा माफी मागितली. मला फार राग आला. इतक्या संध्याकाळी ओट्याशी उभं राहून केलेलं काम पाण्यात गेलं होतं. मी तावातावाने पुढची तक्रार लिहायला बसले.

“ऱ्हवांदे,” सासूबाई म्हणाल्या.

“असं कसं राहू दे? तुमची मेहनत आहे ती.”

“तिका शाळा आसा सकाळची. किती लिवतली ती? आणि तो वादळाचा कोणी विचारल्यान हा, त्याका उत्तर दी आधी.”

त्या बाईने एक गोष्ट मात्र करून दिली. अकाउंटखाली तिने टीप लावली की हे दोघी मिळून वापरतात आणि याला परवानगी आहे. शिवाय सुचवलं की आजींनी त्यांच्या भाषेतच लिहावं, खाली सुनेने इंग्रजी द्यावं, म्हणजे कोण काय म्हणालं याचा गोंधळ नको. तेव्हापासून वर सासूबाई, खाली मी. त्या बोलून देवनागरीत लिहायला शिकल्या. यंत्र त्यांच्या मालवणीचं काहीही करायचं, ते त्या एका बोटाने दुरुस्त करत बसायच्या.

आणि मग मराठी माणसं बाहेर यायला लागली. फोरमवर ती होतीच, पण इंग्रजी टोपणनावांच्या आड कोणाला ओळखू येत नव्हती. पहिली आली ती चेंबूरची. तिने लिहिलं, “आजी, तुमचं ‘मेल्या’ वाचलं आणि ऑफिसात एकटीच हसत बसले. माझी आजी विदर्भातली, ती ‘मुडद्या’ म्हणायची.” मग वाकोल्याचे एक रिटायर्ड बस कंडक्टर, मानखुर्दचं एक जोडपं. मुंबईत आम्ही एकमेकांपासून इतक्या जवळ, आणि ओळख झाली ती त्या न दिसणाऱ्या समुद्राकाठी.

चेंबूरची एका रविवारी घरी आली. चाळिशीची असेल, एका मोठ्या लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. तिने दादरच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात मिळालेली खिरीची रेसिपी ऐकवली आणि येताना डब्यात प्रत्यक्ष खीरही आणली होती. सासूबाईंनी तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं केलं होतं, म्हणजे खुर्चीवर बसून माझ्याकडून करून घेतलं होतं. दोघींनी जेवणापुरतंसुद्धा गेमचं बोलणं सोडलं नाही. मध्येच ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तुम्ही कुठल्या लेव्हलला आहात?”

“मी खेळत नाही. मी फक्त टाइप करते.”

तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, “ती ऑफिसात आसा. तिका येळ नाय.” पण असं म्हणाल्या, जणू मी नापास झाले आहे.

जेवण झाल्यावर तिने जाता जाता सासूबाईंना पॅसेजमध्ये चालवून आणलं. बोलण्याचे आवाज ऐकून समोरचं दार उघडलं. तिथले काका बाहेर आले, त्यांच्या सूनबाई आल्या. बराच वेळ सगळे पॅसेजमध्ये उभे होते. मी आतून भांडी घासता घासता ऐकत होते, सासूबाई त्या काकांना होडी वर कशी ओढायची ते समजावत होत्या.

गणपतीच्या सुमारास गेममध्ये मोठा बदल झाला. आणि कंपनीने काय करावं, तर दीपगृह सगळ्यांना देऊन टाकलं. फुकट. ज्याने काल खेळ सुरू केला त्यालाही. फोरमवर आग लागली. ज्यांनी राबून स्टार जमवले होते ते भडकले, मांजरवालाही भडकला. सासूबाईंचं उत्तर चोरणारा तर सगळ्यांत जास्त ओरडत होता की कष्टाची किंमत राहिली नाही. मॉडरेटर पोस्टमागून पोस्ट पुसत होते.

मला वाटलं आता सासूबाई भडकतील. मी टॅब घेऊन त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी दीपगृह केव्हाच उभं केलं होतं. टॅब हातात धरून दिवा फिरताना बघत होत्या.

“आई, सगळ्यांना दिलं त्यांनी. तुम्हाला काही वाटत नाही?”

“बत्ती गावली मां? मग झाला.”

“पण तुम्ही एवढी उत्तरं लिहिलीत ती कशासाठी?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळचट विचारलं होतं. “त्यांची भाता बुडत होती म्हणान,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी भडकलेल्या लोकांना शांत करायला त्यांनी एक पोस्ट लिहिली: बत्ती सगळ्यांसाठीच असते, तुमच्या होडीला दिसली म्हणून माझ्या होडीला कमी दिसत नाही. मी मन लावून त्याचं इंग्रजी केलं. मीठ आहे का विचारलं, तर आहे म्हणाल्या. तासाभरात पोस्ट पुसली गेली. कारण: विषयाला सोडून. त्या इतक्या हसल्या की मला पाणी आणून द्यावं लागलं.

नंतर त्या शिक्षिकाबाईने कळवलं की पोस्ट पुसणारा नवा मॉडरेटर होता आणि तिला फार वाईट वाटलं. त्याचबरोबर तिने विचारलं, मराठी पोस्टची संख्या वाढतेय, तर त्यांच्यासाठी मॉडरेटर म्हणून आजी काम करतील का? मला अभिमान वाटला. नवऱ्याने तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची तयारी केली. सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

“दुसऱ्यान लिवलेला पुसूचा काम माका नको. तिका सांग, कोण भांडत असलो तर माझ्याकडे धाड.”

तसं कळवलं. आता तशी माणसं खरोखरच येतात. परवा एक नागपूरचा आणि एक कोल्हापूरचा होडीच्या सौद्यावरून हमरीतुमरीवर आले, त्यांना त्या शिक्षिकाबाईने थेट ‘बांगडा’कडे पाठवलं. सासूबाईंनी दोघांनाही मेल्या म्हटलं. दोघेही गप्प झाले.

मीही आता खेळते. चेंबूरच्या त्या मैत्रिणीने माझ्या फोनवर मला गाव सुरू करून दिलं, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी ते उघडते. फार काही जमत नाही. माझे माड वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला लागलेत, ते उपटायला जीव होत नाही. सासूबाई संध्याकाळी माझं गाव तपासतात, चष्मा कपाळावर सरकवून, आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरते. काल मी विचारलं, एवढं चुकलंय तर मला काही बोलत का नाही? त्या म्हणाल्या, “तू नवीन आसस अजून,” आणि वाटीतले सोललेले वाल माझ्यापुढे सरकवले.